कुत्र्याला झटका आला, तोल गेला : काय पाहावे, काय करावे?





या पावसाळ्यात आपल्या शाळेतील तीन वेगवेगळ्या वर्गांच्या मुलांनी आम्हांला जवळपास एकच प्रश्न विचारला. एका मुलाचा पाळलेला कुत्रा बसल्या जागी आडवा पडून पाय झाडू लागला होता. एका मुलीच्या म्हाताऱ्या कुत्रीची मान एका बाजूला कलली आणि ती गोल गोल फिरू लागली. तिसऱ्या मुलाच्या मोहल्ल्यातला कुत्रा जबडा लोंबता ठेवून, लाळ गाळीत कोपऱ्यात बसून राहिला होता. तिन्ही ठिकाणी मोठ्या माणसांनी आपापले सल्ले दिले. कोणी जोडा हुंगवायला सांगितले, कोणी नजर उतरवली, तर कोणी "पिसाळला आहे, काठी आणा" म्हणाले. मुलांनी विचारले, "सर, खरे काय करायला हवे?"

प्रश्न चांगला आहे आणि त्याच्या उत्तरावर कधी कुत्र्याचा, तर कधी मुलाचा जीव अवलंबून असतो. म्हणून या अंकात त्याविषयी सविस्तर लिहीत आहोत. आम्ही पशुवैद्य नाही. परंतु जे नक्की ठाऊक आहे आणि घरातील प्रत्येकाला माहीत असावे, तेवढेच येथे मांडले आहे.

मज्जासंस्थेचा आजार म्हणजे काय?

विज्ञानाच्या पुस्तकात आपण मेंदू, मेरुरज्जू आणि नसा शिकतो. कुत्र्याच्या शरीरातही हीच व्यवस्था असते. मोठ्या मेंदूत बिघाड झाला तर झटके येतात, स्वभाव बदलतो, कुत्रा भिंतीला डोके टेकवून उभा राहतो. लहान मेंदूत किंवा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागात बिघाड झाला तर चाल डगमगते, मान वाकडी होते, बुबुळे आपोआप इकडून तिकडे हलत राहतात. मेरुरज्जूवर दाब आला तर मागचे पाय लुळे पडतात.

पण लक्षण मेंदूचे दिसले म्हणजे मूळही मेंदूतच असते, असे नाही. लहान पिल्लू फार वेळ उपाशी राहिले तर रक्तातील साखर उतरून त्याला झटका येतो. पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीच्या अंगातील कॅल्शियम कमी झाले की ती थरथरू लागते आणि ताठ होते. यकृत किंवा मूत्रपिंड निकामी होत असेल, कीटकनाशक पोटात गेले असेल, तरीही असेच दिसते. चॉकलेट आणि बिनसाखरेच्या च्युइंगममधील झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ हे दोन्ही कुत्र्याला विष आहेत. गोचिडांमुळे होणाऱ्या तापाचाही कधी कधी मेंदूवर परिणाम होतो. म्हणून घरी बसून आजाराचे नाव ठरवू नये. आपले काम तीनच गोष्टींचे : स्वतःला सांभाळणे, नीट पाहणे आणि वेळेवर डॉक्टरांकडे नेणे.

सर्वांत आधी एकच प्रश्न : रेबीज तर नसेल?

हिंदीत आपण ज्याला 'पागल कुत्ता' म्हणतो तो नेहमी धावून चावणाराच असतो, हा मोठा गैरसमज आहे. रेबीजचे दोन प्रकार दिसतात. एकात कुत्रा चवताळतो, दिसेल त्याला चावतो, दूरवर भटकत जातो. दुसऱ्यात तो गप्प होतो, अंधारात बसतो, त्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज घोगरा होतो आणि गिळता येत नाही. हा दुसरा प्रकार मुलांसाठी अधिक फसवा आहे. "घशात हाड अडकले असेल" असे वाटून दयाळू माणूस तोंडात हात घालतो आणि विषाणू असलेली लाळ हाताच्या ओरखड्यातून आत जाते.

म्हणून नियम पक्का करा. कुत्र्याचे वागणे एकाएकी बदलले, जबडा लोंबतो आहे, गिळता येत नाही, आणि त्याला रेबीजची लस दिलेली नाही किंवा दिली की नाही हे ठाऊक नाही, तर त्याला कोणीही हात लावू नये. पाळलेला असेल तर खोलीत किंवा आवारात एकटा बंद ठेवावा व डॉक्टरांना फोन करून पुढचे विचारावे. रस्त्यावरचा असेल तर मुलांना दूर करून महापालिकेला कळवावे. त्याला मारू नये. मारायला जाणारी माणसेच अधिक चावली जातात. २०२३ च्या पशु जन्म नियंत्रण नियमांतही रेबीजचा संशय असलेल्या कुत्र्याला वेगळे ठेवण्याचीच तरतूद आहे. जिवंत कुत्र्यात रेबीजचे खात्रीशीर निदान होत नाही. ते मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीतूनच होते.

चावा लागला, ओरखडा निघाला किंवा जखमेवर, डोळ्यांत वा तोंडात लाळ गेली, तर :

१. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटे धुवावी. डोळ्यांत किंवा तोंडात लाळ गेली असेल तर नुसत्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावे. हळद, चुना, तिखट, रॉकेल काहीही लावू नये.

२. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. पहिल्या दिवसाला शून्य धरतात. दंडात घ्यावयाच्या लशीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८ असतात. त्वचेत दिली जाते तेव्हा ०, ३, ७ आणि २८. रक्त निघाले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. एकही दिवस चुकवू नये.

३. कुत्र्यावर १० दिवस दुरून लक्ष ठेवावे. पण "दहा दिवस पाहू आणि मग लस घेऊ" असे मुळीच करू नये. लस आधी सुरू करावी. दहा दिवसांनी कुत्रा ठणठणीत असेल तर उरलेल्या मात्रांचे काय करायचे ते डॉक्टर सांगतात.

ज्येष्ठ मंडळींच्या मनात पोटातील चौदा इंजेक्शनांची भीती अजून आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडातली साधी सुई असते. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली, तेव्हापासून या आजाराला अडवण्याचा मार्ग माणसाच्या हाती आहे. लक्षणे सुरू झाल्यावर मात्र जवळजवळ कोणीच वाचत नाही. मुलांनो, चावल्याची गोष्ट रागावतील म्हणून घरी लपवू नका. पालकांनो, मूल सांगत आले तर आधी जखम धुवा, रागवायचे ते मागाहून पाहू.

झटका आला तर

हिंदीत मिर्गी, मराठीत अपस्मार किंवा बोलताना फेफरे. झटक्यात कुत्र्याची शुद्ध हरपते, अंग ताठ होते, पाय झाडले जातात, तोंडाला फेस येतो, कधी लघवी होते. पाहणाऱ्याचा जीव घाबरा होतो, पण बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. त्या वेळी पुढीलप्रमाणे वागावे :

– घड्याळ पाहावे. किती वाजता सुरू झाला, किती मिनिटे चालला, हे लिहून ठेवावे.

– जिना, टेबलाचे कोपरे, पाण्याची टाकी यांपासून त्याला सांभाळावे. डोक्याखाली मऊ कापड सारावे. दिवे मंद, पंखा चालू, टीव्ही बंद.

– तोंडात बोट, चमचा, पाणी, औषध काहीही घालू नये. कुत्रा जीभ गिळत नाही. शुद्ध नसल्यामुळे तो आपल्या माणसालाही चावू शकतो.

– जोडा किंवा कांदा हुंगवून झटका थांबत नाही. त्यात वेळ मात्र जातो आणि हात तोंडाजवळ जातो.

– घरातील दुसऱ्या माणसाने मोबाईलवर व्हिडिओ काढावा. याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

झटका थांबल्यावर कुत्रा काही वेळ गोंधळलेला असतो. भिंतीला आपटतो, ओळखत नाही, फार भूक लागल्यासारखे करतो. हे काही मिनिटांपासून काही तास चालू शकते. त्या वेळी लहान मुलांनी त्याला मिठी मारू नये. पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय अन्न-पाणी देऊ नये.

झटका ५ मिनिटांहून अधिक चालला, किंवा २४ तासांत दोन वा अधिक आले, किंवा एका झटक्यातून शुद्धीवर येण्याआधीच दुसरा आला, तर ती आणीबाणी आहे. तत्काळ निघावे. शरीर तापत जाते आणि मेंदूला इजा होते. विष पोटात गेल्याचा संशय असेल तर पहिल्याच झटक्याला निघावे आणि विषाची डबी किंवा पाकीट सोबत न्यावे. एकच छोटा झटका येऊन कुत्रा सावरला असेल तरी एक-दोन दिवसांत दाखवून आणावे.

मान वाकडी, चाल डगमग, मागचे पाय लुळे

मान कलणे, गोल फिरणे, पडणे, बुबुळे हलणे हे एकाएकी सुरू झाले की घरातले म्हणतात, "लकवा मारला, आता काही उपयोग नाही." म्हाताऱ्या कुत्र्यांत तोल सांभाळणाऱ्या भागाचा एक आजार असा असतो, जो पहिले दोन-तीन दिवस फार भयंकर दिसतो आणि पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. मान थोडी वाकडी राहिली तरी कुत्रा सुखाने जगतो. कधी कानाच्या आतील पू हेच कारण असते आणि औषधाने बरे वाटते. ज्या म्हाताऱ्या कुत्रीचा वर उल्लेख केला, तिच्यासारख्या प्राण्याला तपासणीआधीच 'संपली' ठरवणे हा अन्याय होय.

मागचे पाय एकाएकी लुळे पडणे ही मात्र घाईची गोष्ट आहे. मणक्यांमधील चकती सरकून मेरुरज्जूवर दाब आला असेल, तर पहिला दिवस फार मोलाचा असतो. डॅशहंडसारख्या लांब पाठीच्या, आखूड पायांच्या कुत्र्यांत हे अधिक दिसते. अशा कुत्र्याला पाय ओढून उभे करू नये, मालिश करू नये. फळी, जाड पुठ्ठा किंवा ताणून धरलेल्या चादरीवर आडवे ठेवून न्यावे. त्याला लघवी होते की तुंबली आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पिल्लांचा शत्रू : डिस्टेंपर

लस न दिलेल्या पिल्लांत हा विषाणू फार जीव घेतो. आधी ताप, डोळ्या-नाकातून चिकट पाणी, खोकला, जुलाब होतात. मग काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी जबडा चावल्यासारखा हलू लागतो, एखादा पाय सारखा उडतो, झटके येतात. तळपाय कडकही होतात. हा विषाणू गोवराच्या विषाणूच्या कुळातला, पण माणसाला याची बाधा होत नाही. विषाणू मारणारे खास औषध नाही. सलाईन, झटक्याची औषधे, सुश्रूषा यांवर काही पिल्ले तरतात, काही जातात. २०१८ मध्ये गुजरातेतील गीरच्या जंगलात सिंहांचे मृत्यू झाले, त्यांतही या विषाणूचा हात आढळला होता. उपाय एकच : पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचे झाले की लस सुरू करावी, साधारण १६ आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी मात्रा द्यावी आणि वर्षाने पुन्हा द्यावी. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर आणि पुढे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तारखांना.

डॉक्टरांकडे जाताना

माणूस सांगतो, "डॉक्टरसाहेब, येथे दुखते." कुत्रा सांगू शकत नाही. त्याच्या वतीने आपणच बोलायचे आहे. शिवाय दवाखान्यात पोहोचेपर्यंत झटका थांबलेला असतो आणि कुत्रा भला-चंगा दिसतो. अशा वेळी तुमचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरांना फार मोठी मदत करतो. हृदयाच्या दोषामुळे येणारी मूर्च्छा आणि मेंदूचा झटका बोलून सांगताना सारखेच वाटतात. मूर्च्छेत कुत्रा बहुधा ढिला पडतो, हिरड्या पांढऱ्या होतात आणि क्षणात उठून पूर्ववत होतो. झटक्यात अंग ताठ होते आणि नंतर गोंधळ राहतो. औषध दोहोंचे वेगळे. पहिला प्रश्न विचारणारा मुलगा असाच व्हिडिओ घेऊन गेला होता आणि डॉक्टरांनी तो पाहूनच पुढील तपासणी ठरवली.

कागदावर एवढे लिहून न्यावे : कुत्र्याचे वय, जात, वजन, लशींचे कार्ड, त्रास केव्हा सुरू झाला, किती वेळा, किती वेळ, आधी ताप, जुलाब, मार, पडणे झाले का, गेल्या आठवड्यात कोणती औषधे, गोचिडांचे पावडर-औषध, उंदरांचे विष घरात आले, काय खाल्ले, गेल्या काही महिन्यांत दुसऱ्या कुत्र्याने चावले का. शेवटचा प्रश्न कधीही विसरू नये, कारण रेबीज चाव्यानंतर कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी प्रकट होतो.

घरातली माणसांची औषधे देऊ नयेत. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला घातक ठरतात. कोली जातीच्या काही कुत्र्यांना तर आयव्हरमेक्टिन हे जंतांचे व गोचिडांचे औषधही मोठ्या मात्रेत मेंदूला बाधते.

डॉक्टर आधी कुत्र्याला चालवून पाहतात. पंजा उलटा ठेवून तो स्वतः सरळ करतो का, बाहुल्या उजेडाने आकसतात का, पाय चिमटल्यावर जाणीव होते का, हे तपासतात. मग रक्तातील साखर, कॅल्शियम, यकृत-मूत्रपिंड, गोचिडांच्या तापाची चाचणी. एमआरआयची सोय मोजक्याच मोठ्या शहरांत आहे आणि प्रत्येक कुत्र्याला तिची गरजही नसते. खर्च किती येईल, कोणती तपासणी आज हवी आणि कोणती थांबू शकते, हे संकोच न करता विचारावे. चांगला डॉक्टर रागावत नाही.

कोठे जावे?

पशुवैद्याची पदवी बी.व्ही.एससी. अँड ए.एच. ही असते आणि १९८४ च्या कायद्याप्रमाणे पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी लागते. औषधाच्या दुकानातला माणूस किंवा कुत्रे विकणारा हा डॉक्टर नव्हे. आपल्या इंदूरकरांचे भाग्य असे की, अवघ्या पंचवीस किलोमीटरवर महू येथे १९५५ पासून पशुचिकित्सा महाविद्यालय आहे. ते आता जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. अवघड रुग्ण असेल तर आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन तेथे जाता येते. मध्य प्रदेशात २०२३ पासून पशुचिकित्सेच्या फिरत्या गाड्यांसाठी १९६२ हा फोन क्रमांक आहे. आपल्या डॉक्टरांचा आणि रात्री उघडा असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आजच फ्रिजवर चिकटवून ठेवावा. झटका आल्यावर नंबर शोधत बसू नये.

औषध सुरू झाल्यावर

कारण न सापडणारा अपस्मार साधारणतः सहा महिने ते सहा वर्षे या वयात प्रथम दिसतो. तो बहुधा मुळापासून बरा होत नाही, पण फेनोबार्बिटोनसारख्या गोळ्यांनी आटोक्यात राहतो आणि कुत्रा वर्षानुवर्षे आनंदाने जगतो. गोळी रोज ठरलेल्या वेळी द्यावी लागते. "महिनाभर झटका नाही, म्हणजे बरा झाला" असे समजून गोळी एकदम थांबवली तर आधीपेक्षा भारी झटके येतात. भिंतीवर एक कॅलेंडर टांगून त्यावर गोळी दिल्याची खूण आणि झटक्याची तारीख लिहिणे, हे काम सातवी-आठवीच्या मुलाने अंगावर घ्यावे. कोणत्याही प्रोजेक्टपेक्षा त्यात अधिक विज्ञान आहे. गोळ्या मात्र मोठ्यांनीच द्याव्यात व कुलपात ठेवाव्यात.

कधी असेही होते की सर्व करूनही प्राणी वाचत नाही. मुलांना खोटे सांगू नये. "आपण वेळेवर नेले, त्याला त्रास कमी होईल असे केले" हे खरे वाक्य मुलाला पुष्कळ धीर देते.

शाळा म्हणून आपण काय करावे?

गोव्यात २०१४ पासून गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना रेबीजची लस देण्यात आली आणि शाळाशाळांतून मुलांना शिकवण्यात आले. २०१८ पासून तेथे सलग तीन वर्षे माणसांत रेबीजचा एकही बळी गेला नाही आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. मुले शिकली की मोहल्ला शिकतो, हे तेथे दिसले.

त्या धर्तीवर तीन गोष्टी आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. पहिली, शाळेच्या प्रत्येक नळाजवळ कायम साबण असावा आणि कार्यालयात चाव्यांच्या नोंदीची एक वही असावी. दुसरी, दरवर्षी २८ सप्टेंबरला, म्हणजे जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास, पालकांच्या कुत्र्या-मांजरांसाठी लसीकरणाचे शिबिर आपल्या आवारात भरवावे आणि पशुवैद्यांना बोलवावे. तिसरी, शाळेच्या फाटकाशी राहणाऱ्या कुत्र्यांची नसबंदी व लस यांसाठी महापालिकेला लेखी पत्र द्यावे.

पालकांना एकच विनंती. आज संध्याकाळी घरच्या कुत्र्याचे लशींचे कार्ड काढून तारीख पाहा. तारीख उलटली असेल तर या रविवारी त्याला घेऊन जा. कार्डच नसेल तर नवे करून घ्या.

आपला,
प्राचार्य